मधल्या मोटरची गाडी

मादबा, ९ जानेवारी

बिशर,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. फोनवर मी तोंड उघडलं की तुला लगेच मीटिंग आठवते, म्हणून कागदावर लिहितेय. निदान हे तरी पुरतं वाचशील.

काम आहे तुझ्याशी. मी शर्यतीची बग्गी जोडायला घेतली आहे, तीच ती, बॅटरीवर पळणारी, रिमोटची. हसून घे आधी. एकेचाळीस वर्षांची बाई दिवसभर नवऱ्या मुलींच्या झग्यांना मोती लावते आणि घरी येऊन खेळातल्या गाडीचे स्क्रू पिळते. झालं हसून? आता ऐक. या गाडीची मोटर मागच्या चाकांच्या मागे लोंबत नाही, पुढे आहे, गाडीच्या पोटात. ज्या गाडीचं नाव काढून तू या घरात वर्षभर सगळ्यांच्या डोक्यावर मिरे वाटलेस, तीच. खोक्यातून नुसता सांगाडा आलाय. मोटर, तिचा वेग सांभाळणारा कंट्रोलर, पुढची चाकं वळवणारा सर्व्हो, बॅटरी, टायर, सगळं आपलं आपण निवडायचं, आणि अम्मानचा दुकानदार सगळ्यात महाग ते सगळ्यात चांगलं म्हणतो. तेव्हा तू सांग.

मोटर किती वेढ्यांची घेऊ? वेढे कमी तेवढी धाव जास्त, हे मला कळलं. तो साडेआठ वेढ्यांची गळ्यात मारतोय. मला वाटतं साडेतेरा पुरे, मला गाडी चालवायची आहे, उडवायची नाही. मागच्या दोन चाकांना वळणावर वेगवेगळं फिरू देणारी जी डबी असते, त्या डिफरन्शियलमध्ये तेल किती घट्ट भरू? आणि मुख्य प्रश्न. मोटर पुढे सरकली म्हणजे मागचं वजन गेलं. मग मागच्या चाकांना पकड येणार कुठून?

हा प्रश्न माझाच आहे. उगाच दुसरं काही समजू नकोस.

बाबांचं तू विचारत नाहीस तरी सांगते. चष्म्याचा नंबर पुन्हा वाढला, बारीक स्क्रू दिसत नाहीत. बाकी हेका तोच. या घरात तुझं नाव काढायचं नाही हा हुकूम अजून चालू आहे. आणि दाराशी भाजीवाला उभा राहून ओरडतो, "अबू बिशर, वांगी आलीत!" मशिदीत अबू बिशर, न्हाव्याकडे अबू बिशर. ज्याचं नाव नको त्याचाच बाप म्हणून दिवसभर हाका ऐकायच्या आणि ओ द्यायची. परवा तर मला हसू आवरेना. त्यांनी विचारलं, "दात काढायला काय झालं?" मी म्हटलं, "वांगी स्वस्त झालीत."

थंडी कडाक्याची आहे. उत्तर पाठव, लांबण लावू नकोस.

विजदान

मादबा, २ फेब्रुवारी

बिशर,

तुझं उत्तर मिळालं. लांबण लावू नको म्हटलं ते तू भलतंच मनावर घेतलंस. "साडेतेरा पुरे. डिफरन्शियलमध्ये सात हजारचं तेल. शॉक-अब्सॉर्बरमध्ये पुढे पस्तीसचं, मागे तीसचं. गवतावर पकड आधीच असते, ती वाढवत बसू नका, गाडी वळती करा. बॅटरी सर्व्होच्या मागे आडवी बसवा." बहीण कशी आहे, ती जगली की मेली, त्याला एक ओळ नाही. बापाचं वळण पुरतं घेतलंयस.

पण तू "वाढवत बसू नका" लिहिलंस. मला तू कधीपासून अहो-जाहो करायला लागलास रे? म्हणजे कळलंय तुला. मग आता झाकपाक कशाला? गाडी बाबांची आहे.

खोकं त्यांनीच मागवलं. दुकानदार आणून देऊन गेला तेव्हा म्हणाले, "विजदान, तुझं काहीतरी आलंय." माझं! मी उघडलं, आतला कागद वाचला, आणि त्यांच्याकडे बघितलं. ते खिडकीतून बाहेर बघत होते. तेव्हापासून ही माझी गाडी आहे, आणि मला जे प्रश्न पडायला हवेत ते ते मला सांगतात. "तुला असं नाही का वाटत विजदान, की मागे वजन नाही तर पकड कुठून येणार?" मी म्हणते, वाटतं तर. मग म्हणतात, "कुणा माहीतगाराला विचार." तुझं पत्र मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर विसरले. म्हणजे विसरल्यासारखं केलं. दुकानातून परत आले तर ते बशीखाली होतं आणि त्यावर त्यांच्या बोटाचं ग्रीस लागलेलं होतं.

त्या शर्यतीच्या दिवशी मैदानावर मीही होते, हे तू विसरतोस. हाजी मिथकालनी आपल्या मातीच्या ट्रॅकवर ते फुटबॉलचं नकली गवत अंथरलं, तेव्हाच तू बाबांना सांगितलं होतंस की आता मागच्या मोटरची गाडी चालायची नाही. ते म्हणाले, माझी चालेल. अंतिम फेरीत ती वळणावर सरळच जात राहिली आणि तू शेवटून दुसरा आलास. मग चालकांच्या मचाणावरून उतरून सगळ्या क्लबासमोर म्हणालास, "ही गाडी नाही, मागे पोतं लादलेली गाढवीण आहे. वळ म्हटलं की बसते." लोक हसले. बाबा म्हणाले, "मग दुसरा बाप शोध." आणि तू खरोखरच बॅग भरून श्टुटगार्टला गेलास, जाताना त्यांच्या खोलीचं दारसुद्धा वाजवलं नाहीस. मूर्ख आहेस. तेही मूर्ख आहेत. मी दोन मूर्खांच्या मधे मोती लावत बसले आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे: तू घरी यावंस आणि त्यांनी तुला घरात घ्यावं. आई असती तर तिने एका दुपारी तुम्हा दोघांना कान धरून समोरासमोर बसवलं असतं. माझा तेवढा दरारा नाही, म्हणून गाडी जोडतेय.

विजदान

मादबा, २७ फेब्रुवारी

बिशर,

आधी गाडीचं.

मोटर बसली, तारांना सोल्डर मी केलं. मोत्यांचा चिमटा इथे फार उपयोगी पडतो. बाबा शेजारी बसून "हात हलतोय तुझा" म्हणत होते. मी म्हटलं, "तुमचं तोंड हलतंय म्हणून." मग दिवा धरून बसले.

पहिल्यांदा गल्लीत चालवून बघू म्हटलं. रिमोट बाबांच्या हातात. त्याच वेळी समोरून शेजारची उम्म सालेम भट्टीवरून थाळा घेऊन येत होती, झातरचा मसाला लावलेल्या गरम रोट्यांचा, चांगला परातीएवढा. बाबांनी घोडा दाबला आणि गाडी सुटली ती मागे! मोटर या गाडीत उलटी बसते, कंट्रोलरला दिशा बदलून सांगावी लागते, हे तू लिहिलं नव्हतंस. घाबरून बाबांनी घोडा आणखी दाबला. गाडी उम्म सालेमच्या दोन पायांमधून आरपार गेली आणि थाळा रस्त्यावर. ती कडाडली, "अबू बिशर! पोरगा गेला तर आता पोरखेळ तुम्ही सुरू केलेत?" बाबा म्हणाले, "गाडी विजदानची आहे." हे मात्र खरं, संकटात सापडले की लगेच लेक आठवते. रोट्या मी भरून दिल्या.

मग शॉकचा घोळ. हा ऐकण्यासारखा आहे. बाहेर गारठा, त्यामुळे सगळं काम आम्ही पेटत्या सोब्याला, शेगडीला, चिकटून केलं. तेलाच्या बाटल्याही सोब्याच्या शेजारीच. तू सांगितलेलं तीसचं तेल बाबांनी ओतून बघितलं आणि नाक मुरडलं, "हे काय पाणी आहे? गाडी बसेल की जमिनीवर." मी म्हटलं, माहीतगाराने सांगितलंय. ते म्हणाले, "माहीतगार लांब बसून उंटावरून शेळ्या हाकतोय." आणि साठचं भरलं. शुक्रवारी मैदानावर नेली तर गाडी गवतावर टणाटण उडायला लागली, एका उडीत पाठीवर. शॉक हाताने दाबले तर दगड! शेगडीशेजारी पातळ झालेलं तेल बाहेरच्या थंडीत आपल्या मूळ वळणावर गेलं होतं. क्लबातला दातांचा डॉक्टर रमझी म्हणाला, "अबू बिशर, गाडीला संधिवात झालाय." मला वाटलं, आता रिमोट त्याच्या डोक्यात घालतात.

घातला नाही. घरी आले, जेवले, आणि सोबा बंद करायला सांगितला. कुडकुडत बसून चारही शॉक उघडले, पुसले, आणि तुझं तेल भरलं. पुढे पस्तीस, मागे तीस. बुडबुडे निघेपर्यंत दांडी वरखाली करत राहिले. मग म्हणाले, "तो बरोबर सांगत होता." कोण तो, हे मी विचारलं नाही. पण बिशर, वर्षभरात या घरात तू पहिल्यांदा "तो" झालास.

आता तुझ्या पत्राचं. शेवटी दोन ओळी माणसासारख्या लिहिल्यास. "एप्रिलमध्ये रजा मिळेल. बाबा घरात घेतील का, ते विचार." मी विचारणार नाही. मी विचारलं तर ते नाही म्हणतील, आणि एकदा नाही म्हटलं की त्यांना स्वतःलाही ते मागे घेता येत नाही. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही. त्यासाठी रीत आहे. जाहा पाठव.

विजदान

मादबा, २० मार्च

बिशर,

"ताई, खेळण्यावरून जाहा? लोक हसतील."

हसू देत. जर्मनीत राहून विसरला असशील तर सांगते. मुलगी मागायची असो की खून मिटवायचा असो, आपल्याकडे चार मोठी माणसं पुढे घालून दारात जायचं असतं. मोठ्या माणसांसमोर नमतं घेतलं तर कुणी हरत नाही. बापाशी फोनवर बोलून जे होणार नाही ते हाजी मिथकालच्या दाढीकडे बघून होईल. आणि खेळणं म्हणतोस, तर त्या खेळण्यावरून घर फुटलंय ना? मग सांधायलाही तेच चालेल.

हाजींना मी गाठलं. ट्रॅकच्या कडेला जैतुनाची झाडं छाटत होते. मी म्हटलं, "हाजी, तुमच्या गवतावरून हे सगळं झालं." ते म्हणाले, "पोरी, गवत नकली, भांडण मात्र अस्सल निघालं. मी येतो." रमझी तर कोट इस्त्रीला टाकायला निघालाच. क्लबातले आणखी दोघे येतील. हाजी बोलतील, बाकीचे मान हलवतील. रमझीला मी बजावलंय, विनोद केलास तर दाराबाहेर.

गाडी आता धावते. परवा पुन्हा नेली तेव्हा ऊन होतं, मैदान जवळजवळ रिकामं. बॅटरी तू म्हणालास तशी आडवी होती. पहिल्या फेऱ्यांना मागचा भाग जरा घसरायला लागला, तेव्हा बाबांनी ती स्वतःच बोटभर मागे सरकवली आणि मागच्या स्प्रिंगा एक नंबर मऊ केल्या. मोटरला बोट लावून बघितलं, फार तापलेली नव्हती. मग मचाणावर चढले. बिशर, ज्या वळणावर तुझी गाडी सरळ गेली होती ना, त्याच वळणावर ही अशी वळली की मला काही समजत नसूनही माझ्या तोंडून "वा" निघालं. एकदा नाही, दरवेळी. बाबा चालवत राहिले, बॅटरी संपून गाडी थांबली तरी रिमोट धरून उभेच. मग खाली उतरले. मला वाटलं खूश असतील. चेहरा पार पडलेला.

मी विचारलं, "काय झालं? चांगली तर पळाली."

म्हणाले, "चांगली पळाली, तेच झालंय."

मला त्यांचं काही कळत नाही, मला भीती वाटते. अपमान आठवून पुन्हा पेटले असतील तर जाहालाही नाही म्हणतील, आणि जाहाला नाही म्हटलं की मग मात्र सगळं संपलं. हाजींना परत पाठवणाऱ्याच्या दारात कुणी दुसऱ्यांदा जात नाही. तरी येत्या गुरुवारी बोलावलंय. तू तिकडे दुआ कर.

विजदान

मादबा, २९ मार्च

बिशर,

हे पत्र टपालाने येणार नाही. कसं येईल ते शेवटी सांगते, आधी नीट वाच.

गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर आले. चौघे, काळे कोट, हाजींच्या खांद्यावर उंटाच्या लोकरीचा अबा. रमझीने टाय बांधला होता आणि श्वास कोंडल्यासारखा लाल झाला होता. बाबांनी दार उघडलं, एकेकाकडे बघितलं, आणि कळलं त्यांना. "या," म्हणाले. बसवलं. मी कॉफी केली, कडू, वेलदोड्याची. बाबांनी स्वतः उभं राहून वाढली, उजवीकडून सुरू करून, शेवटी आपला कप भरला आणि बसले.

हाजींनी कप घेतला, ओठाला न लावता समोर खाली ठेवला. बाकीच्यांनीही ठेवले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते.

हाजी म्हणाले, "अबू बिशर, तुमच्या घरची कॉफी सोडायची आमची इच्छा नाही. पण मागणं घेऊन आलोय. दिलंत तर पिऊ, नाहीतर अशीच राहील."

"मागा," बाबा म्हणाले.

"पोराकडून चूक झाली. चारचौघांत बापाला बोलला. तरुण रक्त आहे. तो पस्तावलाय, घरी येऊ म्हणतो. त्याला माफ करा."

बाबांनी समोर ठेवलेले कप बघितले. एरवी अशा वेळी यजमान लगेच म्हणतो, प्या, मिळालं तुम्हाला. रस्त्यावर उम्म सालेम कुणाला तरी झापत होती, तेवढाच आवाज. रमझीने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. कॉफीवरची वाफ थांबली.

शेवटी बाबा म्हणाले, "माफ नाही करता येत."

हाजींचा चेहरा पांढरा झाला. मी दाराची चौकट धरली.

"ऐकून घ्या," बाबा म्हणाले. "तो खोटं बोलला असता तर केव्हाच माफ केलं असतं. गाडी वळत नव्हती, हाजी. तो मचाणावर होता, मी खाली होतो, मला पहिल्या फेरीतच दिसलं. त्याच्या अगोदर दिसलं. मी मान्य केलं नाही. त्याने खरं सांगितलं आणि मी त्याला म्हटलं, दुसरा बाप शोध. आता त्याची गाडी मी माझ्या हातांनी जोडून बघितली. प्रत्येक वळणाला ती मला सांगते की तू चुकलास. यात मी त्याला काय माफ करू? मागायची माझी पाळी आहे, आणि तुम्ही माझ्याच दारात मागायला आलात."

एवढं बोलले आणि रडले. आपले बाबा, बिशर. आईच्या वेळी रडले नव्हते, पाहुण्यांसमोर तर कधीच नाही. रमझीचा टाय सुटला होता, त्याचं त्याला भान नव्हतं.

हाजी म्हणाले, "मग प्या म्हणा अबू बिशर, विषय मिटला."

"तुम्ही प्या," बाबा म्हणाले. "तुम्ही ज्याच्यासाठी आलात त्याला हे दार उघडं आहे. कधी बंद नव्हतं, मीच त्याला टेकून बसलो होतो."

ते प्यायले. मी सुटकेचा श्वास टाकला, म्हटलं झालं. तर बाबांनी आपला कप उचलला आणि, ओठाला न लावता, हाजींसमोर खाली ठेवला.

हाजी खुर्चीतून अर्धे उठले. "अहो, हे काय? यजमानाने कप ठेवायचा? स्वतःच्या घरात? जन्मात बघितलं नाही मी असलं!"

"आता बघा. माझंही मागणं आहे. तुम्ही त्याची जाहा होऊन आलात, आता माझी जाहा होऊन त्याच्याकडे जा. त्याला सांगा, बापाचं चुकलं. घरी ये म्हणावं. तो ‘प्या’ म्हणेपर्यंत मी ही पिणार नाही."

"फोन लावू?" रमझी म्हणाला.

"माझं मागणं फोनवर घालतोस?" बाबा गरजले. "माणूस जाईल!"

हाजींचे गुडघे विमान चढण्याचे नाहीत. रमझी दातांच्या कसल्याशा प्रदर्शनाला जर्मनीत येणारच होता, म्हणून हाजींनी आपला अबा काढून त्याच्या खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "तू जा. आणि त्या मुलाच्या घरी तोंड आवर." हे पत्र मी त्याच्याच हाती देतेय.

इथली गत सांगते. बाबांचा कप तिथेच आहे, मी उचलायला गेले तर अंगावर आले. दिवसातून आठदा कॉफी पिणारा माणूस गुरुवारपासून चहावर आहे, डोकं धरून बसतो आणि माझ्यावर खेकसतो. भाजीवाल्यालासुद्धा ही बातमी लागलीय, तो रोज विचारतो, "अबू बिशर, प्यायलात का?"

तर आता रमझी तुझ्यासमोर बसला असेल, अबा पांघरून, तिकडच्या लोकांनी वळून वळून बघितलं असेल त्याच्याकडे. त्याला कॉफी दे. यंत्रातली असली तरी चालेल. तो ती खाली ठेवेल आणि तुझ्या तोंडाकडे बघत बसेल. काय म्हणायचं ते तुला ठाऊक आहे. फार वेळ लावू नकोस रे, इकडे म्हातारा कॉफीवाचून बसलाय.

तुझी ताई,
विजदान